टोचनच्या गाडीला टायर घेताना

टायरच्या दुकानात पाय ठेवला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "महिन्याला किती चालते गाडी?" सावदा-रावेरहून केळी भरून दिल्लीच्या वाटेला लागणाऱ्या ट्रकला हा प्रश्न अगदी बरोबर आहे. तिथे किलोमीटरमागे किती रबर झिजलं, यावरच मालकाचा नफा ठरतो. आमच्या क्रेनला मात्र तो लागू पडत नाही. महामार्गावर बंद पडलेल्या, कलंडलेल्या, खड्ड्यात उतरलेल्या गाड्या उचलायच्या आणि टोचन करून गॅरेजपर्यंत पोचवायच्या, हे तिचं काम. ती दिवसच्या दिवस नाक्यावर उन्हात उभी असते. मग अवेळी फोन येतो आणि पुढच्या काही तासांत मालट्रक महिन्याभरात सोसणार नाही इतका ताण तिचे टायर सोसतात. तिच्या टायरची नक्षी झिजायच्या आधीच त्यांचं वय झालेलं असतं.

पारोळा ते जळगाव हा आमचा मुख्य पट्टा. पूर्वीचा सहा नंबरचा, आता त्रेपन्न नंबरचा महामार्ग. सुरतेकडून नवापूर, धुळे करत येतो आणि भुसावळ, मुक्ताईनगरवरून विदर्भात जातो. धंदा आप्पांनी सुरू केला, गाडी दादा चालवतो, हिशेब आणि खरेदी माझ्याकडे. टायर ही या खरेदीतली सगळ्यात जड बाब. एका टायरला वीस-पंचवीस हजार रुपये, गाडीला सहा आणि वर स्टेपनी. एवढा पैसा लावायचा तर दुकानदाराच्या शब्दावर लावायचा नाही, टायरच्या अंगावर छापलेलं स्वतः वाचायचं, असं मी ठरवलं. ते वाचता येऊ लागलं तेव्हा लक्षात आलं की आकडे समजायच्या आधी आपल्या गाडीवर वजन नेमकं कसं पडतं हे समजायला हवं. तेच या धंद्यात फार कमी लोक मोजतात.

मालट्रकमध्ये माल दोन अ‍ॅक्सलच्या मधे असतो, त्यामुळे वजन दोघांत वाटलं जातं. क्रेनचं उचललेलं वजन मागच्या चाकांच्याही मागे लटकतं. तरफेचा साधा नियम. मागचा अ‍ॅक्सल हा टेकू, मागे दाब दिला की पुढचं टोक वर येऊ पाहतं. आमच्या गाडीचं ठोकळ गणित असं: पुढच्या आणि मागच्या चाकांत १६ फूट अंतर, मागच्या अ‍ॅक्सलपासून उचलायच्या जागेपर्यंत ८ फूट. रिकाम्या गाडीचं वजन पुढे साडेचार टन, मागे साडेसहा टन. आता मागे ३ टन उचलले, तर पुढचा अ‍ॅक्सल दीड टनाने हलका होतो आणि तो दीड टनही मागेच येऊन बसतो. म्हणजे उचलले ३, मागे वाढले साडेचार. मागचा अ‍ॅक्सल ११ टनांवर गेला, पुढे उरले ३.

आणि ५ टन उचलले तर? मागे साडेसात टन वाढतात. मागचा अ‍ॅक्सल १४ टनांवर जातो, पुढे जेमतेम २ टन राहतात. दोन अ‍ॅक्सलच्या गाडीच्या मागच्या चार टायरवर कायद्याने साडेअकरा टनच चालतात. २०१८ मध्ये सरकारने अ‍ॅक्सलची मर्यादा वाढवली तेव्हा हा आकडा १०.२ वरून ११.५ वर आला. म्हणजे ५ टन उचलणं आमच्या गाडीचं काम नाही, टायर कितीही भारी घेतले तरी नाही. भरलेल्या ट्रकचं पुढचं टोक याहूनही जड असतं. म्हणून माल आधी उतरवून दुसऱ्या गाडीत भरायचा आणि मगच हूक लावायचा. केळीचा माल असला की शेतकरी आणि व्यापारी दोघेही घायकुतीला येतात, ताडपत्रीखाली तापून घड पिकायला लागतात. पण पाच टन वजन घाईमुळे तीन टन होत नाही. दादा या बाबतीत कोणाचं ऐकत नाही आणि मला त्याचा अभिमान आहे.

या गणितातून आमचा टायर ठरला. टायरच्या बाजूवर एक जोड-आकडा छापलेला असतो, उदाहरणार्थ १४६/१४३. हा लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा संकेतांक. पहिला आकडा टायर एकटा चालतो तेव्हाचा, दुसरा जोडीत, म्हणजे एका बाजूला दोन टायर शेजारी-शेजारी, चालतो तेव्हाचा. १४६ म्हणजे ३००० किलो, १४३ म्हणजे २७२५ किलो. १०.०० आर २० या मापात, म्हणजे वीस इंची रिमच्या, सोळा प्लायच्या (सोळा थरांच्या ताकदीच्या) टायरवर हा आकडा सर्रास दिसतो. चार टायर, प्रत्येकी २७२५, म्हणजे १०,९०० किलो. आमच्या मागच्या अ‍ॅक्सलवर ३ टन उचलल्यावर येतात ११,०००. शंभर किलो कमी पडले. त्याच मापात अठरा प्लायचा टायर घेतला तर त्यावर १४९/१४६ असतं. जोडीत प्रत्येकी ३०००, चौघांचे १२,०००. हजार किलोची सवड मिळाली. दोन्ही टायर दुकानात शेजारी उभे करून ठेवले तर डोळ्यांना काही फरक कळत नाही. दरात फरक असतो, पण गाडीच्या कामाच्या मानाने तो किरकोळ आहे.

यावर एक उत्तर हमखास ऐकू येतं: "टोचनची गाडी हळूच चालते, हळू चालल्यावर टायर जास्त वजन घेतो." ते खोटं नाही. टायर कंपन्यांच्या तक्त्यांत वेग कमी असेल तर जास्त वजनाची मुभा खरोखरच असते. पण ही मुभा मी हिशेबात धरत नाही. महामार्गावर मागून येणारा कंटेनर सत्तरने येतो, खड्डा चुकवायला दादाला एकदम स्टिअरिंग वळवावं लागतं, एका क्षणात सगळं वजन एका बाजूच्या जोडीवर जातं. मुभा असल्या क्षणासाठी शिल्लक ठेवायची. ती आधीच वापरून टाकली तर त्या क्षणी टायरकडे द्यायला काही उरत नाही.

पुढच्या टायरचा विचार याच्या उलट. तिथे वजन वाढत नाही, घटतं. टोचनच्या धंद्यात एक जुना दंडक आहे, उचलल्यावरही पुढच्या अ‍ॅक्सलवर मूळ वजनाचा निम्मा भाग तरी राहिला पाहिजे. त्याहून कमी राहिला तर स्टिअरिंग फिरतं, पण गाडी वळत नाही, पुढची चाकं रस्त्यावरून नुसती घासत जातात. पावसात तर अधिकच. सगळे मालक सर्वांत चांगली जोडी पुढे लावतात, का तर पुढचा टायर फुटला तर गाडी हातातून जाते. ते बरोबरच आहे. आमच्याकडे आणखी एक कारण आहे. पुढचा टायर अंगावर कमी वजन घेऊन ओल्या डांबराला धरून राहिला पाहिजे. म्हणून पुढे सरळ लांब खाचांचा, रिब नक्षीचा टायर. तो पाणी बाजूला काढतो आणि सरळ रेषेत चालतो. कायद्याने खाच १.६ मिलिमीटर उरेपर्यंत टायर चालतो, टायरमधली खुणेची उंचवट्याची पट्टीही तेवढीच असते. आम्ही पुढचा टायर तिथवर नेत नाही. त्याच्या बऱ्याच आधी पावसाळ्याच्या तोंडावर उतरवतो.

घाट पाहिला की हे सगळं कागदावरून अंगावर येतं. खान्देश म्हटलं की लोकांना तापीकाठचा सपाट, तापलेला मुलूख आठवतो, पण त्याच्या चारी दिशांना उतार आहेत. चाळीसगावहून कन्नडचा औट्रम घाट, साक्रीकडून नवापूरला जाताना कोंडाईबारी, आणि शिरपूरच्या पुढे सेंधव्याकडचा बिजासन घाट. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावात पूर आला, त्याच पावसात कन्नड घाटात दरडी कोसळून गाड्या अडकून पडल्या होत्या. ४ जुलै २०२३ ला पळासनेरजवळ मुंबई-आग्रा महामार्गावर एका कंटेनरचे ब्रेक निकामी झाले आणि तो समोरच्या गाड्या चिरडत हॉटेलात शिरला. माणसं गेली. त्या उतारावर आम्हीही वजन लटकवून उतरतो. तिथे ब्रेकचे ड्रम तापतात, ती उष्णता रिममधून टायरच्या कडेपर्यंत आणि आतल्या ट्यूबपर्यंत पोचते. म्हणजे टायर रस्त्याने तापतो, वजनाने तापतो आणि ब्रेकनेही तापतो. घाटाच्या पायथ्याशी गाडी उभी करून टायरला हात लावून पाहायची दादाची सवय आहे. पोळलं तर थांबायचं. पाणी ओतायचं नाही, फक्त थांबायचं.

उष्णतेवरून नायलॉन की रेडियल हा वाद येतो. आप्पा नायलॉनवाले. त्यांच्या काळी एरंडोलच्या पुढे रस्ता म्हणजे दगड आणि खड्डे होते आणि नायलॉनच्या जाड बाजूला दगड लागला तरी ती फाटत नसे. ती बाजू ताठ असल्यामुळे मागे गाडी लटकलेली असताना डोलणंही कमी होतं, हे दादाही कबूल करतो. रेडियलची बाजू लवचीक, धारदार दगड लागला की चीर जाते आणि ती चीर दुरुस्त होणं अवघड. पण नायलॉनमध्ये दोऱ्यांचे थर तिरपे एकमेकांवर असतात, टायर फिरताना ते एकमेकांवर घासतात आणि आतून तापतात. रेडियलमध्ये दोऱ्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडव्या जातात आणि वर नक्षीखाली पोलादी पट्टे असतात, त्यामुळे घर्षण कमी, ताप कमी. मिशेलिन कंपनीने १९४६ मध्ये याचं पेटंट घेतलं, आपल्या ट्रकांना मात्र रेडियल उशिरा लागले. रस्ते तसे होते आणि माल मापाबाहेर भरला जायचा. दोन्हींत नायलॉनच टिकायचा.

आता रस्ता चौपदरी झाला आणि ऊन तेवढंच राहिलं. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि दुपारच्या डांबराचा ताप त्याहून कितीतरी जास्त. उभ्या गाडीचं आणखी एक आहे. नायलॉनचा टायर तापून एका जागी उभा राहिला की टेकलेला भाग चपटा बसतो, आणि गाडी निघाल्यावर बराच वेळ धडधडते. आठवडाभर उभ्या राहणाऱ्या गाडीला हे सोसवत नाही. म्हणून आम्ही रेडियल घेतले, सहाच्या सहा. एका अ‍ॅक्सलवर एक रेडियल आणि एक नायलॉन असा मेळ कधीच घालायचा नाही, दोघांची दबण्याची रीत वेगळी असते आणि वजन एकाच्याच अंगावर जातं. आप्पांनी दोन दिवस तोंड फिरवलं, मग स्वतःच येऊन टायरवरचे आकडे बोटाने वाचत बसले.

ट्यूबलेसचा मोह मलाही झाला होता. २९५/८० आर २२.५ या मापात १५२/१४८ चा टायर मिळतो, जोडीत प्रत्येकी ३१५० किलो, आणि तो थंड चालतो. खिळा लागला तरी हवा हळू जाते. टायर रिमवर अडकवून ठेवणाऱ्या लॉक रिंगची भानगड नाही. रिंग नीट न बसता हवा भरली तर ती सुटून माणूस मारते, म्हणून आमचे पंक्चरवाले चाचा साखळी गुंडाळल्याशिवाय हवेला हात लावत नाहीत. पण ट्यूबलेसला डिस्क, म्हणजे चाकाच्या रिम, वेगळ्या लागतात, सातही बदलायच्या. शिवाय अक्कलकुवा-धडगाव बाजूला रात्री टायर फाटला तर पाना आणि टॉमीने (लोखंडी दांड्याने) ट्यूबचा टायर उघडणारा माणूस मिळतो, ट्यूबलेसचं मशीन मिळेलच असं नाही. नवी गाडी घेऊ तेव्हा ट्यूबलेसच घेऊ. या गाडीला वीस इंची राहू दिले.

मागच्या टायरच्या नक्षीवर आमच्या घरात सर्वांत जास्त बोलणं झालं. उलटलेली गाडी डांबरावर थोडीच पडते, ती साइडपट्टीच्या खाली काळ्या मातीत पडते. कापसाची काळी जमीन उन्हाळ्यात दगडासारखी, पावसाळ्यात मात्र पाय ठेवला की गिळते. तिथे मागच्या चाकांनी धरलंच पाहिजे, म्हणजे आडव्या, खोल, रुंद खाचांचा लग टायर हवा. खाचा अरुंद असल्या की चिखल त्यांत भरतो आणि टायर गोटा झाल्यासारखा घसरतो. पण लग टायर डांबरावर आवाज करतो, जास्त तापतो, वेडावाकडा झिजतो. शेवटी मिश्र नक्षीवर आलो. मधे सरळ खाचा आणि कडांना रुंद लग. चिखलात तो शुद्ध लगएवढा धरत नाही, हे आधीच मान्य केलं. आमचं नव्वद टक्के ओढणं डांबरावर होतं, चिखलातून गाडी विंचने, म्हणजे क्रेनवरच्या दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, काढता येते. क्रेन चिखलाच्या काठावर घट्ट जमिनीवर उभी करायची आणि दोर आत सोडायचा.

रिमोल्डबद्दल, म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढवलेल्या टायरबद्दल, स्पष्ट सांगते. चांगल्या बॉडीवर नीट चढवलेलं रबर वाईट नसतं. मालट्रकच्या मागच्या चाकांना ते लावून संसार चालवणारे कितीतरी मालक आमच्या ओळखीचे आहेत. महामार्गाच्या कडेला रबराच्या सोललेल्या पट्ट्या दिसल्या की लोक रिमोल्डला शिव्या देतात, पण त्यातल्या कितीतरी पट्ट्या कमी हवेने तापून सुटलेल्या असतात, आणि नव्या टायरच्याही असतात. तरीही क्रेनला रिमोल्ड नाही, पुढेही नाही आणि मागेही नाही. मालट्रकचा टायर गेला तर माल उशिरा पोचतो. आमचा मागचा टायर गेला तर हवेत उचललेली दुसऱ्याची गाडी झुकते आणि तिच्या शेजारून मोटारसायकलवर नवरा-बायको-लेकरू चाललेलं असतं. त्या माणसांना मी ओळखत नाही, पण टायर घेताना माझ्या डोळ्यांसमोर तीच असतात.

दुकानात मी आधी तारीख शोधते. टायरच्या बाजूवर लांबोळ्या चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. १८२४ म्हणजे २०२४ चा अठरावा आठवडा. ते बऱ्याचदा एकाच बाजूला असतात आणि टायर रचलेले असतील तर नेमके खाली जातात. मी ते काढायला लावते. मालट्रकला वर्षभर जुना टायर मिळाला तर फारसं बिघडत नाही, तो तसाही लवकर झिजून जाणार. आमचा टायर वर्षानुवर्षं अंगावर राहणार, त्यामुळे दुकानात गेलेलं वर्ष आमच्याच खात्यातून जातं. बाजूला केसासारख्या बारीक भेगा पडायला लागल्या की नक्षी कितीही खोल असली तरी तो टायर आमच्यासाठी संपला. आयएसआयचा शिक्का आणि आयएस १५६३६ हा क्रमांकही पाहते. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. त्या वाचलेल्या पैशांतून प्रत्येक टायरला नवी ट्यूब आणि ट्यूब-रिमच्या मधे बसणारा नवा फ्लॅप घेतला. नव्या टायरमध्ये जुनी, ताणलेली ट्यूब घातली की तिला घडी पडते आणि घडीवरच ती फाटते.

बसवून झाल्यावर खरं काम सुरू होतं, ते हवेचं. आप्पा अहिराणीत एवढंच म्हणतात, "हवा पहिले दख, मंग टायरले नावे ठेव." हवा सकाळी, गाडी थंड असताना मोजायची. सकाळी ११५ पॉइंट (पीएसआय) असलेली हवा दुपारी टायर चाळीस अंशांनी तापल्यावर १३० च्या वर दिसते, आणि ते पाहून घाबरून हवा काढणारे ड्रायव्हर मी पाहिले आहेत. ती वाढ टायर बनवणाऱ्याने धरलेलीच असते. काढली तर टायर जास्त दबतो, जास्त दबला की जास्त तापतो. जोडीतल्या आतल्या टायरचं तर कोणी नावच घेत नाही, कारण त्याच्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोचत नाही. आतला कमी झाला की बाहेरचा दोघांचं वजन वाहतो आणि माझं बारा हजार किलोचं गणित कोलमडतं. टॉमी मारून आवाज ऐकणं ही जुनी रीत बसलेला टायर ओळखायला पुरते, वीस-पंचवीस पॉइंट कमी असलेला ओळखायला नाही. म्हणून आतल्या टायरला लांब व्हॉल्व्ह बसवून घेतले आणि गेज गाडीतच ठेवला. जोडीच्या मधे दगड अडकला आहे का ते प्रत्येक कामानंतर दादा पाहतो, आणि चाक उघडलं असेल तर थोडं चालून नट पुन्हा आवळतो.

उतरवलेल्या टायरचं काय करायचं, हा प्रश्न राहतो. नक्षी शाबूत, म्हणून त्यांना गिऱ्हाईक लगेच येतं. शहाद्याकडच्या उसाच्या ट्रॉल्यांना असे टायर लागतात, बैलगाड्यांनाही लागतात. बैलगाडीला द्यायला माझी हरकत नसते. पण तिथे म्हणून नेलेला टायर कुठे जाऊन बसेल हे आपल्या हातात राहत नाही, आणि भेगाळलेला टायर भरलेल्या उसाच्या ट्रॉलीखाली रात्रीच्या रस्त्यावर यावा, हे मला नको आहे. म्हणून चाचा आमच्या समोर कटरने दोन्ही बाजूंना उभा छेद देतात आणि मगच टायर भंगारात जातात. भंगारवाला छेद दिलेल्या टायरला निम्म्याहून कमी देतो. आम्ही तेवढेच घेतो आणि पावती फाइलला लावतो.